कागदी पान व विजेचें पान

१

इतिहासाच्या अभ्यासकाचें काम दोन गोष्टींवर चालतें. एक, साधन हातीं लागलें पाहिजे. दुसरी, हातीं लागलेलें साधन डोळ्यांनीं नीट वाचतां आलें पाहिजे. पहिल्या गोष्टीची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. दफ्तरें कोणाच्या माळ्यावर आहेत, कोणत्या कोठींत वाळवी खात आहे, याविषयीं गेलीं सव्वाशें वर्षें लिहिलें जात आहे. दुसरी गोष्ट मात्र इतकी स्वयंसिद्ध वाटे कीं, तिच्याविषयीं लिहिण्याचें कोणास कारणच पडलें नाहीं. मोडी कागद वाचण्यास शिकावें लागतें हें सर्वांस ठाऊक होतें; पण छापील पुस्तक उघडलें कीं तें वाचतां येतें, व जें वाचलें तेंच त्यांत छापलेलें असतें, असा सर्वांचा निःशंक समज होता. गेल्या वीस वर्षांत छापील ग्रंथ विजेच्या पडद्यावर वाचण्याची चाल पडली, आणि हा समज आतां निःशंक राहिलेला नाहीं. कागदावर वाचणें सुखाचें कीं ई-रीडरवर, असा वाद सर्वत्र चालतो. आमच्या मतें हा वाद अर्धवट आहे. डोळ्यांचें सुख ही एक बाजू झाली. पाठाची शुद्धता ही दुसरी. या दोन बाजूंचा मेळ आज कसा बसतो, किंबहुना कसा बसत नाहीं, हें दाखविण्याचा येथें विचार आहे.

नंदुरबार जिल्ह्याचें उदाहरण आम्ही मुद्दाम घेतों. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. धुळें जिल्हा म्हणजे पूर्वींचा पश्चिम खानदेश. आणि पश्चिम खानदेश हा १९०६ सालीं अखंड खानदेशाचे दोन भाग झाले तेव्हां निर्माण झालेला. सबब नंदुरबार, शहादें, तळोदें, नवापूर, अक्कलकुवा व अक्राणी या सहा तालुक्यांचा इतिहास ज्यास पाहावयाचा असेल त्याला ‘नंदुरबार’ या नांवाखालीं फारसें कांहीं सांपडत नाहीं. त्यानें कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखालीं १८८० सालीं निघालेला मुंबई गॅझेटियरचा १२ वा म्हणजे खानदेशचा खंड पाहावा. धुळें जिल्ह्याचें नवें गॅझेटियर पाहावें. आणि तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशें येथें बा. कृ. थापर यांनीं केलेल्या उत्खननाचा जो वृत्तांत ‘एन्शंट इंडिया’च्या २० व २१ या जोडअंकांत आला आहे, तो पाहावा. हे ग्रंथ धुळ्यास, पुण्यास व मुंबईस आहेत. धडगांवच्या शाळेंतील शिक्षकास अथवा अक्कलकुव्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यास ते कागदावर मिळणें कठीण. विजेच्या पडद्यावर मात्र क्षणांत मिळतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणें या जिल्ह्यांत साक्षरतेचें प्रमाण शेंकडा ६४.३८ होतें, व सबंध महाराष्ट्राचें ८२.३४. उलट याच जिल्ह्यांतील टेंभली गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक वाटले गेले. म्हणजे जेथें ग्रंथालयें विरळ, तेथें वीज व यंत्र आधीं पोंचलें. अशा ठिकाणच्या वाचकास कागद कीं पडदा ही निवड नसते. पडद्यावरची प्रत हीच त्याची एकमेव प्रत असते. ती चुकीची असेल तर त्याचा इतिहासच चुकीचा होतो. प्रश्नाचें गांभीर्य यांत आहे.

२

प्रथम डोळ्यांचा विचार करूं. पडदे दोन जातींचे असतात, व त्यांची गल्लत केल्यामुळें पुष्कळ वाद निरर्थक होतो. मोबाईल व संगणक यांचा पडदा स्वतः प्रकाश फेंकतो. ई-रीडर म्हणून जी केवळ वाचनासाठीं केलेली पाटी मिळते तिची गोष्ट निराळी. तिच्या पृष्ठभागाखालीं अतिसूक्ष्म कुप्यांचा थर असतो. प्रत्येक कुपींत निर्मळ द्रव असून त्यांत पांढरे व काळे कण तरंगत असतात. पांढऱ्यांवर एका जातीचा विद्युद्भार व काळ्यांवर त्याच्या उलट. खालून जसा दाब द्यावा तसे पांढरे अथवा काळे कण वर येतात, आणि त्यांचें अक्षर बनतें. एकदां वर आलेले कण तेथेंच राहतात. वीज खर्च होते ती मुख्यत्वें पान उलटतांना. म्हणून ही पाटी एकदां भारली म्हणजे कित्येक दिवस, बेताचें वाचन असल्यास कित्येक आठवडे, चालते. आणि अक्षर दिसतें तें बाहेरच्या प्रकाशानें, कागदावर दिसतें तसेंच. यामुळें चैत्र-वैशाखाच्या उन्हांतही तें पुसट होत नाहीं. ज्या पाड्यावर वीज वेळोवेळीं जाते तेथें हा गुण लहान नव्हे.

या जातीची पहिली पाटी २००४ सालीं जपानांत सोनी कंपनीनें विक्रीस काढली. अमेझॉनचें किंडल नोव्हेंबर २००७ मध्यें आलें. मराठी पुस्तकें त्यावर डिसेंबर २०१६ पासून रीतसर मिळूं लागलीं. पहिल्या किंडलमध्यें एका इंचांत १६७ ठिपके होते. अलीकडील बहुतेक पाट्यांत ३०० असतात. अक्षराची कड त्या मानानें स्वच्छ झाली आहे. डोळ्यांच्या शिणाविषयीं प्रयोगही झाले आहेत. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगांत कागद, विजेच्या शाईची पाटी व प्रकाश फेंकणारा पडदा यांची तुलना केली होती. त्यांत शीण आढळला तो प्रकाश फेंकणाऱ्या पडद्याच्या पदरीं, आणि विजेच्या शाईची पाटी कागदाच्या जवळपास ठरली. प्रयोगांतील माणसें अवघीं बारा होतीं, व त्याच्या आदल्या वर्षीं निघालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत दोन जातींच्या पडद्यांत असा फरक आढळला नव्हता. सबब यावरून फार मोठा सिद्धान्त उभारूं नये. तथापि ई-रीडरनें डोळे जातात, असें जें सरसकट म्हटलें जातें त्यास या प्रयोगांत आधार नाहीं, इतकें निश्चयानें म्हणतां येतें.

डोळ्यांपलीकडे बुद्धीचा प्रश्न आहे, आणि तेथें कागदाची बाजू अधिक बळकट दिसते. २०१८ सालीं देल्गादो व त्यांचे सहकारी यांनीं २००० ते २०१७ या काळांतील ५४ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत एकंदर पावणेदोन लाखांच्या आसपास माणसें येतात. माहितीपर मजकूर कागदावर वाचला असतां तो अधिक समजतो, व वेळ बेताचा असला तर हा फरक वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. इतिहासाचें वाचन बहुतेक याच जातीचें. नॉर्वेच्या ॲन मांगेन यांचा २०१९ चा प्रयोग तर आमच्या विषयाशीं विशेष लागू आहे. त्यांनीं ५० वाचकांस एक दीर्घ कथा वाचावयास दिली. निम्म्यांस कागदावर, निम्म्यांस किंडलवर. बहुतेक परीक्षांत दोन्ही गट सारखेच उतरले. परंतु कोणती घटना आधीं व कोणती मागून, हा क्रम लावतांना किंडलवरचे वाचक मागें पडले. कारण उघड दिसतें. कागदी ग्रंथ वाचतांना डाव्या हातांतील पानांची चळत वाढते व उजव्या हातांतील कमी होते. ती गोष्ट ‘आरंभीं डाव्या पानावर खालीं’ होती असें हाताला व डोळ्याला आठवतें. पाटीवर प्रत्येक पान एकाच जागीं उगवतें व तेथेंच मावळतें. कालक्रम हा तर इतिहासाचा कणा. ज्या वाचनांत तोच प्रथम ढिला पडतो त्या वाचनाविषयीं इतिहासाच्या अभ्यासकानें सावध राहावें हें बरें. टिपणवही जवळ ठेवून सनांची यादी करीत वाचल्यास हा दोष पुष्कळ भरून निघतो, असा आमचा अनुभव आहे.

३

आतां देवनागरीकडे वळूं. परदेशांतील प्रयोग रोमन अक्षरांवर झालेले आहेत. आपल्या लिपीची अडचण निराळी आहे. आपल्या अक्षरास शिरोरेषा असून तिच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, आणि खालीं उकार, ऋकार व जोडाक्षराचा दुसरा मजला असतो. त्यामुळें त्याच मापाच्या खिळ्यांत अक्षराच्या मुख्य अंगास रोमनपेक्षां कमी उंची मिळते. हें जाणूनच जुन्या कारागिरांनीं मराठी छपाई सुबक केली. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यांत राणोजी रावजी आरू यांनीं पाडलेल्या अक्षरांचें वळण पिढ्यान्पिढ्या वाचकांच्या डोळ्यांत बसलें आहे. कागदी पानाचें म्हणून जें सुख आपण सांगतों, त्यांतील निम्मा वांटा कागदाचा नसून अशा कारागिरांचा आहे.

जुनें पुस्तक पाटीवर येतें तें बहुधा पानाच्या छायाचित्राच्या रूपानें. डेमी आकाराचें पान सुमारें साडेपांच इंच रुंद असतें. सहा इंची म्हणून जी पाटी विकली जाते तिचे सहा इंच हे कर्णाचे. तिची रुंदी सुमारें ३.६ इंचच भरते. म्हणजे पानाची सबंध रुंदी तींत बसवावी तर पान शेंकडा ६५ इतकें आकसतें, आणि बारा पॉइंटचें अक्षर आठ पॉइंटच्याही किंचित् खालीं येतें. इंग्रजी मजकूर अशा मापांत कष्टानें कां होईना वाचतां येतो. मराठी मजकुरांत प्रथम नाहींसा होतो तो अनुस्वार. जुन्या मराठींत हा ठिपका शोभेचा नव्हता. ‘पाटलास दिलें’ व ‘पाटलांस दिलें’ यांत एक पाटील कीं अनेक, हा भेद त्या ठिपक्यावर अवलंबून आहे. वतनाच्या कागदांत हा भेद म्हणजे हक्काचा भेद. पान मोठें करून पाहावें तर ओळ पडद्याबाहेर जाते, आणि प्रत्येक ओळीस पान डावीकडून उजवीकडे सरकवावें लागतें. अशा रीतीनें दहा पानें वाचलीं कीं वाचक कंटाळून पुस्तक मिटतो. आणि दोष देतो तो पाटीस, वास्तविक दोष असतो तो प्रत करणाराचा.

नव्यानें टंकलिखित केलेल्या ई-पुस्तकाची अडचण याच्या उलट. तेथें अक्षर हवें तेवढें मोठें करतां येतें, ओळी आपोआप मोडतात, डोळ्यांस सुख होतें. परंतु आपले शब्द लांब व पडदा अरुंद; दोन्ही कडा सरळ ठेवण्याच्या हट्टानें शब्दांमध्यें ओढ्यासारखीं अंतरें पडतात. त्याहून वाईट म्हणजे जोडाक्षरांची मोडतोड. मराठींत ‘दऱ्या’ व ‘दर्या’ हे दोन भिन्न शब्द आहेत; एक डोंगराचा, दुसरा समुद्राचा. मराठीचा हा कोयत्याच्या आकाराचा र कित्येक फॉन्टांत नीट उमटत नाहीं, व टंकलेखकासही पुष्कळदां ठाऊक नसतो. मग सातपुड्याच्या दऱ्यांचा दर्या होतो, आणि आचाऱ्याचा आचार्य. वाचकास हंसूं येईल. परंतु ज्याला मूळ शब्द ठाऊक नाहीं तो हंसणार कसा?

४

येथवर सुखाचा विचार झाला. आतां पाठाचा. आज विजेच्या पडद्यावर जे जुने ग्रंथ मिळतात त्यांचे आम्ही तीन वर्ग करतों. पहिला, पानांचीं छायाचित्रें. दुसरा, त्या छायाचित्रांवरून यंत्रानें अक्षरें ओळखून तयार केलेला मजकूर, ज्यास ओसीआर म्हणतात. तिसरा, माणसानें नव्यानें टंकलिखित केलेला मजकूर. वाचनसुखाच्या दृष्टीनें पाहतां पहिला वर्ग कनिष्ठ, दुसरा व तिसरा श्रेष्ठ. विश्वासाच्या दृष्टीनें पाहतां हा क्रम नेमका उलटतो. छायाचित्र काळवंडलेलें असेल, तिरपें असेल, वाचावयास त्रासदायक असेल. पण जें पुसट आहे तें पुसटच दिसतें. वाचकास कळतें कीं येथें आपणांस दिसत नाहीं. यंत्रानें ओळखलेला मजकूर मात्र सर्वत्र सारखाच ठसठशीत असतो. बरोबर अक्षर जितकें स्वच्छ, तितकेंच चुकीचें अक्षरही स्वच्छ. संशय घेण्यास जागाच राहत नाहीं. हाच आमच्या टीकेचा मुख्य मुद्दा आहे: आजच्या ई-ग्रंथांत जें डोळ्यांस सुखकर तें बहुधा अविश्वसनीय, आणि जें विश्वसनीय तें बहुधा डोळ्यांस दुःखकर.

यंत्राच्या चुका कशा होतात हें देवनागरीच्या वाचकास सांगावयास नको. घ व ध, भ व म, ब व व, थ व य हीं जोडपीं जुन्या झिजलेल्या छपाईंत माणसासही फसवितात. जुन्या वळणाचा ख तर ‘रव’ म्हणूनच वाचला जाण्यासारखा. परंतु शब्दांतील चूक संदर्भानें पकडतां येते. अंकांतील चूक पकडतां येत नाहीं. १ व ९ यांची गल्लत झाली कीं शके १६१२ चे शके १६९२ होतात. पहिलें साल मोगल-मराठ्यांच्या झगड्याचें, दुसरें पानिपतानंतर नऊ वर्षांचें. ऐंशीं वर्षांची ही उडी एका ठिपक्याएवढ्या रेघेनें घडते, आणि पुढील लेखक तें साल विश्वासानें उतरून घेतो. सुहूर सनाची गोष्ट याहून अवघड आहे. जुन्या पत्रांतील इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा हे अरबी अंकवाचक शब्द यंत्राच्या मराठी कोशांत नसले तर तें आपल्या परीनें ते ‘सुधारतें’. ‘सबा’ची सभा व ‘तिसा’ची तीस होण्यास वेळ लागत नाहीं. जुना लेखनिक अडाणी असला तर दिसेल तसें उतरी. हें नवें यंत्र शहाणपणानें चुकतें, व तें अधिक घातक.

शोध घेण्याच्या सोयीविषयींही हेंच म्हणावें लागतें. ई-ग्रंथाचा सर्वांत मोठा गुण म्हणून हवा तो शब्द क्षणांत शोधतां येतो असें सांगतात, आणि तो गुण खराच आहे. परंतु शोध लागतो तो आपण जसें लिहूं तशाच शब्दाचा. नंदुरबार हें नांव जुन्या लेखांत नंदरबार असेंही येतें. कॅम्बेलच्या गॅझेटियरांत तर गांवांच्या नांवांतील दीर्घ स्वरांवर तिरप्या रेघा दिलेल्या आहेत, व यंत्र त्या रेघांचें काय करील याचा नेम नसतो. मग विद्यार्थी ‘नंदुरबार’ असा शोध घेतो, त्याला थोडींच स्थळें मिळतात, व बाकी कांहीं नाहीं असें तो समजतो. कागदी ग्रंथाचें पान उलटीत जाणारास हा धोका नाहीं. ज्याचा त्यानें शोध केला नव्हता तें देखील त्याच्या डोळ्यांखालून जातें. आमच्या अनुभवांत उपयुक्त माहिती पुष्कळदां अशीच, शेजारच्या पानावर, भेटली आहे.

तिसऱ्या वर्गाची, म्हणजे माणसानें केलेल्या टंकलेखनाची, स्थिति मध्यम आहे. युनिकोडमध्यें देवनागरीस १९९१ सालींच स्थान मिळालें, तरी मराठी छापखाने पुढें कित्येक वर्षें आपापल्या खाजगी सांकेतिक फॉन्टांत मजकूर जुळवीत राहिले. त्या मजकुराचें रूपांतर करतांना अक्षरें निसटतात. मुद्रितें तपासण्याचा जो शिरस्ता छापखान्यांत होता, तो विजेच्या प्रतीस कोणी लावीत नाहीं. एका ई-संग्रहांतून मिळालेली एका साधनग्रंथाची प्रत आम्हीं कागदी प्रतीशीं ताडून पाहिली. तींत तळटीपा मजकुराच्या मधोमध शिरल्या होत्या, आणि संपादकानें फाटलेल्या जागीं ठेवलेलीं टिंबें गाळून दोन्हीं कडचे शब्द जोडलेले होते. मूळ कागद तेथें फाटला होता हेंच वाचकास कळूं नये, याहून मोठा अपराध संपादनांत दुसरा नाहीं.

५

मजकुराखेरीज ग्रंथांत आणखी पुष्कळ असतें. प्रकाशें येथील थापरांच्या वृत्तांताचेंच उदाहरण घ्या. त्यांत ताम्रपाषाण काळापासूनचे चार कालखंड दाखविले आहेत, व ते ओळखण्याचें मुख्य साधन म्हणजे मातीच्या भांड्यांचीं चित्रें. अशीं चित्रें वृत्तांतांतून मूळ भांड्याच्या एका ठराविक अपूर्णांकांत छापतात. कागदावर मोजपट्टी ठेवून भांड्याचें तोंड किती रुंद हें अभ्यासक काढूं शकतो. तेंच पान पडद्यावर लहानमोठें झालें कीं अपूर्णांक खोटा ठरतो; शेजारीं रेघेचें माप काढलेलें असेल तरच निभाव लागतो. घडीच्या नकाशांची दुर्दशा तर प्रसिद्ध आहे. प्रत करणारा घडी न उलगडतां तसेंच पान टिपतो, आणि पुढच्या वाचकास नकाशाच्या पाठीचा कोरा कागद तेवढा दिसतो. विजेच्या शाईच्या साध्या पाटीवर करड्या रंगाच्या सोळाच छटा असतात. रंगीत नकाशांतील वनाची हद्द, नदी व रस्ता तींत एकरूप होतात.

नंदुरबारच्या बाबतींत हें नुकसान किरकोळ नाहीं. सरदार सरोवराच्या जलाशयाखालीं अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील नर्मदाकांठचीं ३३ गांवें बाधित झालीं. मणिबेली हें त्यांपैकीं पहिल्यांत एक. तीं गांवें जेथें होतीं ती जमीन आतां जाऊन पाहतां येत नाहीं. जुना नकाशा व जुना तक्ता हाच त्यांचा उरलेला पुरावा. तो नकाशा घडी न उलगडतां टिपला गेला, आणि पुढें कागदी प्रत जीर्ण म्हणून काढून टाकली, तर गांव दुसऱ्यानें बुडालें असें म्हणावें लागेल. तीच गोष्ट भाषांची. या जिल्ह्यांत भिलोरी, पावरी, मावची, देहवाली या बोली देवनागरींत लिहिल्या जातात. वाहरू सोनवणे यांच्यासारख्या कवीनें शहाद्याच्या भूमींतून आदिवासी लेखनास मान मिळवून दिला. या बोलींचे शब्द यंत्राच्या मराठी कोशांत नाहींत. आणि कोशांत नाहीं तें चूक, असें समजणारें यंत्र त्यांस मराठीच्या जवळच्या शब्दांत बदलील. बोलींतील मजकूर वाचावयास सोपा होईल व बोली नाहींशी होईल.

६

इतकें लिहिलें म्हणून आम्ही कागदाचे भोळे भक्त आहोंत असें कोणीं समजूं नये. कागदाचे दोष आम्ही प्रत्यहीं पाहतों. जुन्नर, दौलताबाद व आपल्या खानदेशांतील एरंडोल येथें जो हातकागद होई त्यावरील लेखन शतकें लोटलीं तरी टिकून आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लांकडाच्या लगद्याचा व तुरटीची खळ दिलेला जो गिरणीचा कागद आला तो स्वतःच्याच आम्लानें जळतो. १९१० सालचें पुस्तक घडी घालतांच मोडतें आणि १७१० सालचें पत्र सुखानें उलगडतें, हा चमत्कार प्रत्येक संग्रहांत पाहावयास मिळतो. आपल्या साधनग्रंथांचा मोठा भाग नेमका त्या वाईट कागदाच्या काळांत छापला गेला आहे. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड काढला. त्या काळच्या प्रती आज हातांत धरवत नाहींत. त्यांचीं छायाचित्रें वेळीं घेतलीं नाहींत तर तीं पानें कोणासच दिसणार नाहींत. सबब विजेची प्रत हवी, याविषयीं वाद नाहीं. ती कशी हवी, हाच वाद आहे.

आणि ती चांगली होऊं शकते, यासही पुरावा आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. तिचा मजकूर जपानचे प्रा. मुनेओ तोकुनागा यांनीं संगणकांत उतरविला, व केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनीं तो पुनः तपासून शुद्ध केला. पर्व, अध्याय व श्लोक यांचे आंकडे त्यांत जागच्या जागीं आहेत. त्यामुळें पडद्यावर वाचणारा व कागदावर वाचणारा एकाच स्थळाचा निर्देश करूं शकतात. एक परदेशी पंडित उतरून घेतो, दुसरा त्याच्या चुका काढतो, व दोघांचीं नांवें वाचकांस ठाऊक असतात. ही रीत आपणांस नवी नाहीं. एकनाथांनीं शके १५०६ त ज्ञानेश्वरीचें शोधन केलें तें याच हेतूनें. नक्कल करणारांच्या हातून अपपाठ शिरले होते, ते त्यांनीं निवडून काढले. यंत्र हा आजचा नक्कल करणारा. त्याच्यावर रागावण्यांत अर्थ नाहीं; त्याच्या मागें एकनाथ उभा करणें, हें काम आहे.

७

तें काम संशोधन-संस्थांचें आहे, व त्यासाठीं आम्ही पांच सूचना करतों. पहिली, यंत्रानें ओळखलेला मजकूर छायाचित्राशिवाय कधींही प्रसिद्ध करूं नये. वाचकानें सुखानें मजकूर वाचावा, व शंका येतांच त्याच पानाचें चित्र पाहावें. दुसरी, मूळ पुस्तकाचा पृष्ठांक मजकुराच्या अंगांत राखावा. पाटीवर अक्षर मोठें केलें कीं पानें बदलतात, आणि पृष्ठांकाविना दिलेला आधार हा आधारच नव्हे. तिसरी, घडीचे नकाशे उलगडून व रंगांसह टिपावे, आणि प्रत्येकाच्या शेजारीं मापाची पट्टी ठेवावी. चौथी, सन, तिथि व अंक हे दोन माणसांनीं स्वतंत्रपणें ताडून पाहावे. सबंध ग्रंथ तपासण्याइतकें बळ नसेल तरी अंकांपुरतें असतेंच. पांचवी, कोणत्या प्रतीवरून, कोणीं व केव्हां हा मजकूर तयार केला, आणि तो तपासला आहे कीं नाहीं, हें पहिल्या पानावर लिहावें. न तपासलेली प्रत न तपासलेली म्हणून दिली तर तींत कांहीं लाज नाहीं.

वाचकासही थोडें सांगणें आहे. चरित्र, प्रवासवर्णन, कादंबरी हीं सुखानें पाटीवर वाचावीं. रात्रीं दिवा नसला तरी वाचावीं. साधनग्रंथ पाटीवर चाळावे, शोधावे, टिपून ठेवावे. पण कोणतेंही साल, नांव अथवा रक्कम आपल्या लेखांत घालण्यापूर्वीं तें पानाच्या चित्रांत, आणि शक्य तेथें कागदावर, एकदां डोळ्यांनीं पाहावें. आणि ग्रंथपालांस विनंति ही कीं, प्रत विजेवर चढली म्हणून कागदी ग्रंथ रद्दींत काढूं नये. विजेची प्रत ही साक्षीदाराची जबानी आहे. साक्षीदार तो नव्हे.

धडगांवच्या त्या शिक्षकास पुण्यास जाणें परवडत नाहीं, व जावें लागूंही नये. त्याच्या हातांतील पाटी चांगली आहे. डोळ्यांस ती बाधत नाहीं, आणि उन्हांतही दिसते. तिच्यावर उमटणाऱ्या पानाचा भरंवसा त्यास मिळवून देणें हें ज्यांच्या कपाटांत मूळ ग्रंथ आहेत त्यांचें कर्तव्य आहे. तें आम्हीं केलें नाहीं, तर आपल्या गांवाविषयीं तो जें चुकीचें लिहील त्याचा दोष त्याच्याकडे नसून आमच्याकडे राहील.